मोरी का तुंबते?

घरातला नळ गळू लागला की दोन दिवसांत माणूस बोलावला जातो. मोरीच्या वाट्याला एवढी तत्परता येत नाही. पाणी जरा सावकाश जाऊ लागते, आंघोळ करताना पायाखाली साचते, जाळीपाशी फेस रेंगाळतो, आणि असेच काही आठवडे जातात. मग एखाद्या सणाच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, मोरी पूर्ण तुंबते आणि दुकानातून ॲसिडची बाटली आणली जाते. त्या दिवशी जे घडले त्याची तयारी जाळीखाली कित्येक महिने चालू होती. तिच्यात द्रवाचा दाब आहे, साबणीकरण आहे, जड पाणी आहे, जीवाणू आहेत. माध्यमिक शाळेच्या विज्ञानाचा बराच भाग मोरीत सापडतो, आणि प्रयोगांना लागणारे साहित्यही घरचेच असते.

प्रथम पाण्याचा रस्ता पाहू. मोरीची जाळी उचलली की खाली एक खोलगट भांडे दिसते. प्लंबर त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. सिंकखाली हेच काम बाटलीसारखा दिसणारा किंवा वळण दिलेला नळ करतो. तेथून आडव्या नळाने पाणी घराबाहेर भिंतीलगतच्या गली ट्रॅपमध्ये, मग चेंबरमध्ये, आणि पुढे गावात भुयारी गटार असेल तर गटारात, नसेल तर शोषखड्ड्यात किंवा सेप्टिक टँकमध्ये जाते. जुन्या घरांत मोरीचे पाणी परसातल्या अळूला आणि केळीला जात असे. अनेक खेड्यांत अजूनही जाते. तेथे तुंबण्याचा प्रश्न फारसा येत नाही, कारण तुंबायला लांब, बंद नळच नसतो. खरकट्याचा निकाल मातीतले जीवाणू उघड्यावर लावतात.

ज्याला आपण आडवा नळ म्हणतो तो खरे तर आडवा नसतो. घरगुती सांडपाण्याच्या नळाला साधारण ४० ला १ असा उतार देतात. म्हणजे मोरीपासून चेंबर ४ मीटरवर असेल तर नळाचे दुसरे टोक १० सेंटिमीटर खाली हवे. उतार यापेक्षा बराच कमी पडला तर पाणी पुढे जाते आणि त्याने वाहून आणलेला गाळ मागे राहतो. गवंडी पातळी काढण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक प्लॅस्टिकची नळी वापरतात. तशी दीड-दोन मीटरची नळी मिळवून ठेवावी. पुढच्या प्रयोगाला तीच लागणार आहे.

पाण्याचे बूच

नहाणी ट्रॅपमधले पाणी कधीच पूर्ण निघून जात नाही. ते साचून राहावे अशीच त्याची रचना असते. सिंकखालच्या वळणातही थोडे पाणी कायम उभे असते. गटारातील वायू, झुरळे आणि दुर्गंधी यांना घरात येऊ न देणारे हे पाण्याचे बूच. कल्पना साधी आहे, पण ती सुचायला १७७५ साल उजाडावे लागले. लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळे बनवणाऱ्या कारागिराने संडासाच्या भांड्याखाली इंग्रजी एस अक्षरासारखे वळण देण्याचे पेटंट त्या वर्षी घेतले. त्याआधी घर आणि मैला यांच्यामध्ये अडसर नव्हता असे नाही. झाकणे होती, झडपा होत्या. पण झडपेला घाण चिकटते आणि ती नीट मिटत नाही. पाण्याला ही अडचण नाही. प्रत्येक वापरात जुने पाणी ढकलले जाते आणि नवे त्याची जागा घेते.

हे बूच किती जोर सहन करील? बुचातील पाण्याची उंची साधारण ५० मिलिमीटर असते. वातावरणाचा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याइतका असतो हे मुलांना माहीत आहे. म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दोनशेव्या भागाइतका फरक पडला की बूच फुटते. इतके ते नाजूक आहे.

आता ती नळी घ्या. तिला आडव्या पडलेल्या एस अक्षरासारखा आकार द्या, म्हणजे आधी खाली वळण, मग वर चढ, आणि नंतर लांब टोक टेबलाच्या कडेवरून खाली बादलीत सोडलेले. नरसाळ्यातून हळूहळू पाणी ओता. ओतणे थांबवले की खालच्या वळणात पाणी उभे राहते. आता तांब्याभर पाणी एकदम ओता. बाहेरचे लांब टोक पाण्याने गच्च भरते आणि खाली पडणारे पाणी वळणातले पाणीही आपल्यामागे ओढून नेते. शेवटी 'घुर्र' असा आवाज येतो आणि वळण रिकामे होते. हा वक्रनळीचा परिणाम. नळीच्या वरच्या वळणावर ३-४ मिलिमीटरचे भोक पाडून प्रयोग पुन्हा करा. भोकातून हवा आत येते, ओढ तुटते आणि पाणी वळणात टिकते. इमारतीच्या गच्चीवर जे उघड्या तोंडाचे नळ दिसतात, त्यांचे एक मोठे काम या भोकाचे आहे. कावळ्याचे घरटे पडून किंवा कोणी 'वास येतो' म्हणून तोंड बंद करून हा नळ बुजला, तर शेजारच्या न्हाणीघरात बादली ओतताच आपले बेसिन गुरगुरू लागते. ते गुरगुरणे म्हणजे बुचातून हवा ओढली जात असल्याची खूण. नळ पुढे कोठे तरी अर्धवट तुंबला असला, तरी असाच आवाज येतो.

बूच जाण्याची आणखी दोन कारणे आहेत. काही मोऱ्यांच्या जाळीखाली एक उपडी वाटी असते. ती आतल्या पाण्यात बुडालेली असते म्हणून बूच तयार होते. वाटीमुळे पाणी सावकाश जाते, म्हणून ती काढून कोनाड्यात ठेवण्याची पद्धत पुष्कळ घरांत दिसते. पाणी मग झपाट्याने जाते खरे, पण त्याच रात्रीपासून झुरळे येऊ लागतात आणि त्यासाठी औषध आणावे लागते. वाटी पुन्हा जागेवर ठेवणे फुकटात होते.

दुसरे कारण बाष्पीभवन. न वापरलेल्या मोरीतले पाणी उन्हाळ्यात काही आठवड्यांत आटते. मे महिन्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की प्रयोगशाळेत जो वास येतो तो बहुधा आटलेल्या बेसिनांतून येतो. बादलीभर पाणी सगळीकडे ओतले की तो जातो. सुट्टी लागताना प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी ओतून वर चमचाभर गोडेतेल सोडले तर तेलाचा थर बाष्पीभवन रोखतो. (याच लेखात पुढे मोरीत तेल टाकू नका असे सांगायचे आहे, याची कल्पना आहे. चमचाभर चालते.) मुलांना मोजमापाची हौस असेल, तर एकसारख्या दोन बरण्यांत पाणी घेऊन एकीवर तेल घालावे आणि सुट्टीनंतर पातळी किती मिलिमीटर उतरली ते पाहावे. कोकणातल्या शाळेतला आकडा आणि विदर्भातल्या शाळेतला आकडा पत्राने एकमेकांना कळवले तर आणखी मजा येईल.

आटलेले बूच केवळ वासापुरते राहत नाही, हे हाँगकाँगने २००३ साली पाहिले. त्या वर्षी सार्स या श्वसनरोगाची साथ आली आणि अमॉय गार्डन्स नावाच्या उंच इमारतींच्या एकाच वसाहतीत तीनशेहून अधिक माणसे आजारी पडली. त्यांपैकी चाळीसहून अधिक दगावली. तपासात जी कारणे पुढे आली त्यांत न्हाणीघरांच्या जमिनीतील कोरडे ट्रॅप हे एक महत्त्वाचे कारण होते. तेथील लोक जमीन पाण्याने धूत नसत, ओल्या फडक्याने पुसत. त्यामुळे ट्रॅपमध्ये नवे पाणी जात नव्हते. न्हाणीघराचा पंखा हवा बाहेर फेकू लागला की आतला दाब किंचित कमी होई आणि मैल्याच्या नळातील हवा, तिच्यातील सूक्ष्म थेंबांसह, उघड्या ट्रॅपमधून वर येई. हवेच्या झोतांनी रोग मग इमारतीत इतरत्रही पसरला असावा असा निष्कर्ष निघाला. आपल्याकडेही नव्या घरांत पाश्चात्त्य पद्धतीचे 'कोरडे' न्हाणीघर रूढ होत आहे. त्याच्या कोपऱ्यातील जाळीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे.

साबणाचा दगड

आता तुंबण्याकडे वळू. तुंबलेल्या ट्रॅपमधून निघणारा करडा, चिकट, मेणासारखा लगदा सर्वांनी पाहिला असेल. त्यात केस, चहाचा चोथा, भाताची शिते, भांडी घासायच्या काथ्याचे धागे, प्लॅस्टिकचे तुकडे असे बरेच काही असते. पण हे सगळे एकत्र धरून ठेवणारा पदार्थ वेगळाच आहे.

पहिला संशय तुपावर जातो आणि तो काही अंशी खरा आहे. वनस्पती तुपाचा वितळणबिंदू ३१ ते ४१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतो. गरम पाण्याने धुतलेल्या कढईतले तूप सिंकपर्यंत द्रव असते आणि जमिनीखालच्या थंड नळात भिंतीवर थिजते. खोबरेल तेल तर २४-२५ अंशांखाली गोठते. हिवाळ्यातल्या बाटलीचा अनुभव सर्वांना आहे. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल आपल्याकडच्या थंडीत गोठत नाही, तरी ज्या घरात तेच वापरतात तेथेही मोरी तुंबते. म्हणजे केवळ थिजणे हे उत्तर पुरेसे नाही.

एक प्रयोग करू. एका परीक्षानळीत अंगाच्या साबणाचे पातळ द्रावण घ्या, दुसरीत चुन्याची निवळी. दोन्ही जवळजवळ स्वच्छ दिसतात. एकत्र ओता. लगेच पांढऱ्या दह्यासारख्या गुठळ्या तयार होतात आणि फेस नाहीसा होतो. साबण म्हणजे मेदाम्लाचा सोडियम क्षार; तो पाण्यात विरघळतो. चुन्यातील कॅल्शियमने सोडियमची जागा घेतली की तयार होणारा कॅल्शियमचा साबण पाण्यात विरघळत नाही. बोअरच्या जड पाण्याने आंघोळ करणाऱ्यांच्या बादलीला जो पांढरा, खरखरीत थर बसतो तो हाच. या गुठळ्या बोटांत घेऊन मुलांना चुरगळून पाहू द्या. त्या साबणासारख्या बुळबुळीत लागत नाहीत, मेणासारख्या लागतात. (नंतर हात धुवायला सांगावे.)

मोरीत हेच घडते, फक्त महिनोन्महिने. साबण आंघोळीतून आणि धुण्यातून येतो. कॅल्शियम जड पाण्यातून येते आणि सिमेंटच्या सांध्यांतूनही झिरपते. आणि तेल? नळात साचून राहिलेल्या तेलाचे जीवाणूंची विकरे सावकाश तुकडे करतात. ग्लिसरीन सुटते आणि मेदाम्ले मोकळी होतात. त्यांनाही कॅल्शियम भेटते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी गटारांत साचणाऱ्या अशा थरांचे पृथक्करण केले आणि ते मुख्यतः मेदाम्लांचे कॅल्शियम क्षार असल्याचे दाखवले. तसाच पदार्थ त्यांनी प्रयोगशाळेत तयारही केला. हे काम २०११ साली प्रसिद्ध झाले.

मोठ्या प्रमाणावर हे काय रूप घेते ते लंडनमध्ये २०१७ साली दिसले. व्हाइटचॅपल भागातील जुन्या गटारात सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा एकच गोळा सापडला. चरबी, साबण आणि शरीर पुसायचे ओले कागदी रुमाल यांचा तो बनलेला होता. फावडी आणि उच्च दाबाचे पाण्याचे फवारे यांनी तो फोडायला कित्येक आठवडे लागले. त्याचा एक तुकडा पुढच्या वर्षी लंडनच्या वस्तुसंग्रहालयात मांडला होता. आपल्या मोरीतला लगदा हा त्याचाच लहान भाऊ.

बाटलीतला उपाय

आता ती ॲसिडची बाटली. फरशी धुण्यासाठी मिळणारे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते तेलाला हात लावत नाही, केसाला जवळजवळ नाही. कॅल्शियमच्या साबणाशी त्याची क्रिया होते, पण काय तयार होते? कॅल्शियम क्लोराइड विरघळते आणि मेदाम्ल पुन्हा मोकळे होते. ते पाण्यावर तरंगत थोडे पुढे जाते आणि पुढच्या सांध्याशी थिजते. तेथे त्याला सिमेंटमधले कॅल्शियम पुन्हा मिळतेच. मध्यंतरी आम्लाने सिमेंटचा सांधा आणि मोझाइकची लादी थोडी खाल्लेली असते. आणि याच मोरीत आधी कोणी ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका दिवशी एका मोरीत कधीही वापरू नयेत.

पुडीत मिळणारे दाणेदार चूर्ण बहुधा कॉस्टिक सोडा असते. काहींत ॲल्युमिनियमचा कीसही घालतात. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक सोडा यांच्या क्रियेत हायड्रोजन सुटतो आणि बरीच उष्णता निर्माण होते. हे चूर्ण ॲसिडपेक्षा नक्कीच समजूतदार आहे. ताज्या तुपाचे ते साबणात रूपांतर करते, केसातले प्रथिन मऊ करून तोडते. जुन्या कॅल्शियमच्या थरावर मात्र त्याचा फारसा प्रभाव पडत नाही. शिवाय त्याने तयार केलेला साबण पुढे जड पाण्याला भेटतो आणि काय होते ते आपण परीक्षानळीत पाहिलेच आहे. पूर्ण तुंबलेल्या नळात हे चूर्ण टाकून मग वरून पंप मारणे सर्वांत धोक्याचे. दाहक द्रव उसळून डोळ्यांत जातो.

खाण्याचा सोडा आणि लिंबू किंवा व्हिनेगर हा उपाय हल्ली फार सांगितला जातो. फसफसून येते तेव्हा काही तरी जोरात काम चालले आहे असे वाटते. वर्गात करून पाहण्यासारखे आहे: तूप लावलेल्या दोन चमच्यांपैकी एकावर हे मिश्रण आणि दुसऱ्यावर धुण्याच्या सोड्याचे गरम द्रावण घाला. पहिल्यात आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात. उरते ते खारट पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. वायूला जाळीतून वर येणे सोपे असते, म्हणून तो वरच येतो. दुसऱ्या चमच्यावरचे तूप बरेचसे सुटते. आठवड्यातून एकदा मूठभर धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून सिंकमध्ये ओतण्याला म्हणूनच अर्थ आहे, पण मोरी तुंबण्याआधी. पाणी उकळते नको. हल्लीचे नळ पीव्हीसीचे असतात आणि ते ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात.

जाळीपाशी

रसायने फिकी पडतात तेथे हात कामाला येतो. कढई धुण्यापूर्वी जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसून तो कचऱ्यात टाकला, तर नळात जाणारे तेल बहुतेक सगळे थांबते. खरकटे निपटून मग ताट मोरीत. चहाचा चोथा कुंडीत. राखेने भांडी घासणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की राखेतील क्षार तेल काढतात, पण न विरघळणारा भाग नळाच्या तळाशी बसतो आणि तुपात मिसळून सिमेंटसारखा घट्ट होतो. अळूच्या आळ्यात जाणाऱ्या पाण्याला राख चालते, नळातल्या पाण्याला नाही. केसांसाठी बारीक भोकांची जाळी. ती दर दोन दिवसांनी साफ करावी लागते, म्हणून लोकांना नको असते.

महिन्याला एकदा रबरी हातमोजे घालून नहाणी ट्रॅपची जाळी उचलावी आणि आतला गाळ हाताने काढून कचऱ्यात टाकावा. ढोसून पुढे ढकलू नये. सिंकखालचा बाटलीसारखा ट्रॅप हाताने फिरवून उघडतो; खाली बादली ठेवायला विसरू नये. पाणी अगदीच अडले असेल तर रबरी वाटीचा पंप वापरावा. वाटी पाण्यात बुडेल एवढे पाणी हवे, कारण पाणी दाबले जात नाही आणि धक्का जसाच्या तसा पुढे पोचवते, हवा मात्र दबते. बेसिनच्या वरच्या बाजूचे छिद्र ओल्या फडक्याने बंद करावे. ढकलण्याइतकेच ओढणेही महत्त्वाचे. गुठळी मागे-पुढे हलली की सुटते.

एकच मोरी तुंबली असेल तर दोष तिच्या ट्रॅपमध्ये. तळमजल्यावरच्या सगळ्या एकदम तुंबल्या असतील तर चेंबरमध्ये. तुंबण्याची चाहूल लागण्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला १० लिटरची बादली मोरीत एकदम ओतून पाणी जायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहावे. सेकंद वाढू लागले की समजावे. मुलांना हा आलेख काढायला आवडतो.

चेंबरच्या पुढे

ट्रॅपमधून जे सुटते ते चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये साचते. प्राणवायू नसलेल्या त्या गाळात काही जीवाणू प्रथिनांतील गंधक आणि पाण्यातील सल्फेट यांच्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्याचा वास तो हाच, आणि चांदीचे पैंजण काळे पडते तेही याच्या संपर्काने. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्याच्या तळाशी राहतो. त्याचे सर्वांत घातक वैशिष्ट्य असे की हवेच्या दशलक्ष भागांत तो शंभराच्या आसपास झाला की नाक बधिर होते आणि वास येणे थांबते. उतरलेल्या माणसाला वाटते, घाण कमी झाली. प्रमाण याच्या काही पट वाढले की काही श्वासांत शुद्ध हरपते. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वर्तमानपत्रांत येणाऱ्या अशा बातम्यांत मृतांचा आकडा बहुधा एकापेक्षा जास्त असतो, तो यामुळे.

कोणालाही संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा नगरपालिकेइतकाच घरमालकाला आणि गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृतांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. मृत्यू थांबलेले नाहीत.

सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी पंपाच्या गाडीने उपसून घ्यावा. त्यासाठी टँकचे झाकण सापडावे लागते, आणि बऱ्याच घरांत त्यावर नंतर फरशी बसवलेली असते. झाकण कोठे आहे त्याची खूण भिंतीवर तेलरंगाने करून ठेवावी आणि गाडीचा जाड नळ तेथपर्यंत पोचतो का ते आधी पाहावे. झाकण उघडल्यावर वाकून आत डोकावू नये, काडी पेटवून पाहू नये. आतल्या वायूंत मिथेनही असतो. गाळ घट्ट झाला आहे, जरा आत उतरून ढवळावा लागेल असे गाडीवाला म्हणाला, तर वरून पाणी सोडून लांब बांबूने बाहेरूनच ढवळायला सांगावे आणि गाळ तरीही निघाला नाही तर झाकण बंद करून जास्त क्षमतेची गाडी मागवावी.